मासे पंचांग बघत नाहीत

मधू, परवा मोंटानाहून फोन आला. मी मागच्या अंगणात टोमॅटोला पाणी घालत होतो, फोन घरात होता. नंतर पाहिलं तर एका बाईंचा निरोप. नाव बार्बरा. म्हणाल्या, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी माझी केबिन तुम्हा दोघांच्या नावावर आहे. तुमच्या मित्राचा फोन लागत नाही, म्हणून त्याने दिलेल्या दुसऱ्या नंबरवर करतेय. येताय ना? शुक्रवारपर्यंत कळवा, मागे दुसरे लोक थांबलेत.

तुझा फोन लागत नाही, ही बातमी मला मोंटानाहून कळावी! तुला जाऊन आज सदतीस दिवस झाले. तुझा फोन शैलावहिनींनी बंद करून देवघराच्या खालच्या खणात ठेवलाय, चष्मा आणि घड्याळाच्या शेजारी. लागणार कुठून?

नीता म्हणाली, "अरे, येत नाही म्हणून सांगून टाक ना. दोन मिनिटांचा फोन." बरोबर आहे तिचं. पण ते दोन मिनिटांचं काम माझ्याने होत नाहीये. आज बुधवार. जायचं की कॅन्सल करायचं, हे ठरवायला दोन दिवस उरलेत, आणि असलं काही ठरवायचं असलं की चाळीस वर्षं मी तुलाच फोन करत आलोय. आता तो मार्ग बंद, म्हणून लिहितोय.

तसं मंडळानेही तुझ्यावर लिहायला सांगितलंय. दोन पानं, सोबत फोटो. जन्म सांगलीचा, शिक्षण कुठलं, अमेरिकेत ट्रॉयला कधी आला, मंडळाची गणपतीची मूर्ती किती वर्षं स्वतःच्या बेसमेंटमध्ये सांभाळली वगैरे. ते देईन मी लिहून. त्यात तुला नवीन काही नाही.

आपलं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण, हे मला फार लागून राहिलंय. जूनमधली ती सकाळ. तू फोनवर आवाजातूनच पेढे वाटत होतास. "दिगू, केबिन बुक केली! आता मागे फिरायचं नाही. दारातून ओढा दिसतो, यार." मी तारखा विचारल्या. तू सांगितल्यास. मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि म्हणालो, "मधू, पितृपक्ष आहे. कॅन्सल कर."

"मासे पंचांग बघत नाहीत, दिगू."

"मी बघतो."

"तू? तू संकष्टीला ऑम्लेट खाणारा माणूस!"

"ते वेगळं."

"काय वेगळं, सांग ना."

मी फोन ठेवला. दोन दिवसांनी तू फोटो पाठवलास, गळासाठी नव्याने बांधलेल्या खोट्या नाकतोड्याचा. खाली लिहिलं होतंस, 'हा पितृपक्षातही चालतो.' मी वाचलं. वाचल्याच्या निळ्या खुणा तुला दिसल्याच असतील. उत्तर मात्र दिलं नाही. म्हटलं, राहू दे, चार दिवस फुगून बसू, मग आपणच जाऊ चहाला. नवव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

आता रोज तो फोटो उघडतो. खाली काहीतरी टाइप करतो आणि खोडतो. काल 'मस्त झालाय' असं लिहिलं होतं. तेवढं जूनमध्ये लिहायला माझं काय जात होतं?

अकरा वर्षं चाललं रे हे प्लॅनिंग. तेवढ्या काळात लोक घर बांधतात, विकतात आणि फ्लोरिडाला राहायला जातात. रविवारी दुपारी तुझ्या बेसमेंटमध्ये बैठक. भिंतीवर मोंटाना, वायोमिंग, आयडाहोचा मोठा नकाशा, त्यावर रंगीत टाचण्या, टेबलावर चिवड्याचा डबा. वहिनी जिन्यातून ओरडायच्या, "झाली का दोघांची ट्रिप? झाली असेल तर वर या, चहा टाकलाय." तुझं म्हणणं ठरलेलं. पश्चिमेच्या नद्यांवर जायचं तर सप्टेंबरअखेर. जूनमध्ये डोंगरातलं बर्फ वितळून नद्या फुगलेल्या, गढूळ. मग दोन महिने माणसांची झुंबड. सप्टेंबर संपताना पाणी उतरतं, तळाचे खडे मोजता येतात, काठावरच्या कॉटनवूडची पानं पिवळी होतात आणि ट्राउट मासा थंडीच्या आत पोट भरून घ्यायच्या घाईत असतो. हे तू इतक्यांदा सांगितलंस, की कधीही न पाहिलेली ती पिवळी झाडं मला आता स्वप्नात दिसतात.

आणि तू सप्टेंबरअखेर म्हणालास की मी कॅलेंडर काढायचो. कधी पितृपक्ष, कधी नवरात्र बसलेलं, आणि अधिक महिना येऊन गेलेला असला की खुद्द गणपती. एका वर्षी तू वैतागून ऑक्टोबरचा दुसरा आठवडा काढलास, तर मी नीताच्या भाच्याचं लग्न काढलं. ते लग्न डिसेंबरात झालं. तू आलास, जेवलास, आहेर केलास आणि ऑक्टोबरबद्दल चकार शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं नाही.

पितृपक्षात प्रवासाला निघू नये असं माझे वडील म्हणायचे, हे मी तुला दरवर्षी ऐकवायचो. वडील असं काही म्हणत नव्हते. ते पितृपक्षात खुशाल गोव्याला जाऊन यायचे.

खरं तर तुझं हे मासेवेड मला पहिल्यापासूनच कळलं नाही. घरात अंडं न शिजवणारा सांगलीचा माणूस. प्लँटमधल्या एका म्हाताऱ्या टूलमेकरने एका शनिवारी तुला वर उत्तरेला ग्रेलिंगजवळच्या नदीवर काय नेलं, आणि तू परत आलास तो वेडा होऊनच. गळाला खरं आमिष नाही. पिसं, केस आणि दोरा गुंडाळून बनवलेली खोटी माशी नाहीतर नाकतोडा, तो लांब दोरीने हवेत झुलवून पाण्यावर अलगद टाकायचा. मासा फसला की जवळ आणायचा, हात ओला करून धरायचा, गळ काढायचा आणि सोडून द्यायचा. कोरड्या हाताने धरलं तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणे, मग तो आजारी पडतो.

माश्या बांधायचं सामान दुकानात मिळतं, पण तुला घरचं हवं. देवघरातल्या मोरपिसाची एकेक काडी जायला लागली. बाळकृष्णामागे नुसती दांडी उरली तेव्हा वहिनींना पत्ता लागला. त्यानंतर त्यांच्या जुन्या साडीच्या पदराची जर गेली. "ट्राउटला नारायणपेठ नेसवताय का?" असं त्या म्हणाल्या, तेव्हा तू खरोखरच विचार करून म्हणालास, "पोटाकडे एक चमक हवी असते गं."

आम्ही वेंगुर्ल्याकडची माणसं. मासा हातात येऊन सोडायचा, हे ऐकूनच माझा जीव खालीवर व्हायचा. "मधू, हे पाप आहे. बिचाऱ्याला भरल्या ताटावर बसवतोस आणि घास तोंडात जातोय तोवर गळ्याला धरून उठवतोस. त्यापेक्षा आम्ही बरे. आम्ही खातो तरी."

"तू मासा फक्त ताटात ओळखतोस, दिगू."

"मग तू कुठे ओळखतोस?"

"पाण्यात."

"पण सोडायचाच, तर पकडायचा कशाला?"

यावर तू दरवेळी हसायचास आणि एकच उत्तर द्यायचास. "ते इथे बेसमेंटमध्ये बसून नाही सांगता येत. तिथे चल. पाण्यात उभा राहा, मग सांगतो." अकरा वर्षं हेच. ते उत्तर तुझ्याकडेच राहिलं.

आता मी तुला कधी न सांगितलेली गोष्ट. मधू, मला पोहता येत नाही.

लिहून झालं. वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. नीता सोडली तर हे कुणालाही माहीत नव्हतं, असं मी समजत होतो. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या आबाकाकांनी मला पोहायला शिकवायचं म्हणून पाठीला दोन असोले नारळ बांधले आणि विहिरीत सोडलं. आमच्याकडे सगळी पोरं तशीच शिकतात. गाठ सुटली. नारळ वर तरंगत राहिले आणि मी खाली गेलो. हिरवं पाणी, वर उजेडाचं एक वर्तुळ, आणि त्या वर्तुळात दोन नारळ, एवढं आठवतं. मला बाहेर काढलं तेव्हा काठावरची चुलत भावंडं हसत होती. दुसऱ्या दिवशी मी तापाचं सोंग केलं, तिसऱ्या दिवशी कानाचं. त्यानंतर विहिरीकडे फिरकलो नाही.

समुद्रकाठचा माणूस, आणि पोहता येत नाही! सांगणार कुणाला? अमेरिकेत आल्यावर तर गंमतच झाली. पार्टीत कुणीही विचारायचं, "तुम्ही कोकणातले ना? मग काय, पाण्यातच वाढलेले!" मी नुसता हसायचो. हळूहळू होडीच्या गोष्टी सांगायला लागलो, जाळी ओढायच्या, वादळात सापडायच्या. त्या सगळ्या आबाकाकांच्या. तुला त्या फार आवडायच्या. लोकांसमोर मला कोपराने ढोसून म्हणायचास, "दिगू, ती वादळाची सांग." तू कृष्णेच्या पुरात उड्या मारून वाढलेला, आणि माझ्या तोंडून माझ्या काकाची होडी ऐकत बसायचास. मला आता लाज वाटते रे त्याची.

म्हणून ती ट्रिप मला नको होती. पितृपक्ष वगैरे सगळं ढोंग. पाण्यात उभं राहायचं, पायाखाली गुळगुळीत दगड, मांड्यांवर पाण्याचा रेटा, आणि शेजारी तू बघत असताना माझे गुडघे लटपटायला लागले तर? मरणाची भीती वाटायची असं नाही म्हणणार मी. तुझ्यासमोर उघडं पडायची वाटायची.

गेल्या रविवारी वहिनींनी चहाला बोलावलं. तुझी इरा अजून इथेच आहे, डेन्व्हरला परत गेलेली नाही, तुझ्या बेसमेंटमधल्या टेबलावरून ऑफिसचं काम करते. मी जिना उतरताना ती नकाशाखाली बसलेली दिसली आणि क्षणभर माझा पाय पायरीवरच अडला. बसायची ढब तुझी आहे तिची, एक पाय खुर्चीवर दुमडून.

वहिनींनी तुझी निळी फाइल पुढे ठेवली. "भाऊजी, ही तुमची. ट्रिपची आहे. ते म्हणायचे, दिगूला दाखवायची नाही. पण आता मी कुणाकडून लपवू?"

मला वाटलं, आत नकाशे असतील. होतेही. पण पहिल्या पानावरच एफएमईए! मी कपाळाला हात लावला. गाडीचा कुठलाही भाग बनवायच्या आधी आपण आयुष्यभर जो तक्ता भरला तोच. काय बिघडू शकतं, बिघडलं तर किती गंभीर, एक ते दहा, आणि त्यावर उपाय काय. तू ब्रेकचे भरलेस, मी दाराच्या कुलपांचे. रिटायर होताना आपण शपथ घेतली होती, की असला तक्ता पुन्हा जन्मात भरायचा नाही. आणि तू मासे पकडायच्या ट्रिपचा भरलास, तोही मराठीतून, तुझ्या त्या मुंग्यांच्या अक्षरात.

धोका: अस्वल. गांभीर्य: १०. उपाय: दिगूला अखंड बोलू देणे. माणसाचा आवाज आला की अस्वल लांब राहते.

धोका: जेवणाचे हाल. गांभीर्य: ४ (दिगूसाठी ९). उपाय: राइस कुकर, मेतकूट, लिंबाचं लोणचं. सुकट आणू देऊ नये. पहा: अस्वल.

मी हसत होतो, इराही हसत होती. मी तिला मराठी वाचून दाखवत होतो आणि ती "ही रोट दॅट? सीरियसली?" करत होती. पुढे नद्या होत्या. मॅडिसन, तिच्यापुढे लिहिलेलं: पाणी जोराचं, दगड निसरडे, रद्द. यलोस्टोन नदी: कमरेच्या वर, रद्द. गॅलाटिन: रद्द. मला आठवलं, मी तुला चिडवायचो, "अख्खं जग मॅडिसनवर जातं आणि हा कंजूष मला कुठल्याशा ओढ्यावर नेतोय." तू म्हणायचास, "मला गर्दी आवडत नाही." हजार माणसांच्या गणपतीत आरतीचं तबक घेऊन फिरणारा तू, तुला म्हणे गर्दी आवडत नाही.

मग ही ओळ आली.

धोका: दिगूचा कान (कान नव्हे). गांभीर्य: १०. उपाय: गुडघ्यापर्यंतच पाणी. तळ खडीचा, सपाट. काठ्या दोन. मी प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभा राहणार, हाताच्या अंतरावर.

मी वाचायचा थांबलो. "काका? व्हॉट डझ इट से?" इरा विचारत होती. मला मंडळाची ती पिकनिक दिसत होती, वीस वर्षांपूर्वीची. तळ्याच्या मध्यावर बोट थांबवून सगळ्यांनी धडाधड उड्या मारल्या आणि मी म्हणालो, "तुम्ही जा, माझा कान दुखतोय." तू पाण्यातून वर बघितलंस. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे. मी बाकाचा लोखंडी दांडा घट्ट धरला होता. तू वर चढून आलास, अंग पुसलंस आणि म्हणालास, "पाणी फार गार आहे, मजा नाही." मग आपण दोघं बोटीत बसून कलिंगड खाल्लं. ऑगस्ट महिना होता, मधू. पाणी गार नव्हतं.

इराला ती ओळ वाचून दाखवली. मग शेवटची ओळ.

धोका: मला माहीत आहे हे दिगूला कळणे. गांभीर्य: १०. उपाय: पंचांगावरून भांडत राहणे.

मी रडलो. वहिनींसमोर, इरासमोर, चिवड्याच्या डब्यासमोर बसून हमसून रडलो. तू गेलास त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. तेव्हा फुलं, फोन, गुरुजी, विमानतळावरून माणसं आणायची, सतरा कामं होती. अकरा वर्षं मी समजत होतो, मी तुला टाळतोय. तूच मला टाळू देत होतास. इतकंच नाही, तर मला भांडणात जिंकूही देत होतास. सोडायचा तर पकडायचा कशाला, असं मी तुला विचारत होतो, आणि तू मला वीस वर्षांपूर्वीच पकडलं होतंस. हात ओला करून सोडून दिलंस, मला खबरसुद्धा लागू दिली नाहीस.

वहिनींनी पाणी आणून दिलं. म्हणाल्या, "मी त्यांना म्हणायचे, एकदा स्पष्ट विचारून का टाकत नाही? तर म्हणाले, सांगेल तो आपणहून. मला घाई नाही."

घाई करायला हवी होतीस, मधू. तेवढं एक तुझं चुकलं. तक्त्यात सगळे धोके लिहिलेस, वेळ संपण्याचा लिहिला नाहीस. आणि तुझं कसलं चुकलं म्हणा, सांगायचं होतं मी. एका रविवारी चिवडा खाता खाता म्हणायचं होतं, "मधू, मला पाण्याची भीती वाटते." तू म्हणाला असतास, "बरं," आणि डबा पुढे सरकवला असतास. एवढंच झालं असतं. आपण गेलो असतो रे. दहा सप्टेंबर आपल्याला मिळाले असते.

निघताना इरा दारापर्यंत आली. "दिगूकाका, बाबाने मला पण सांगितलं होतं, तुम्हाला विचारायचं नाही. सो आय डिडन्ट." मग म्हणाली, "पण यू शुड गो. मी डेन्व्हरहून ड्राइव्ह करून येते. मला कास्टिंग, म्हणजे गळ टाकणं, येतं, आठवीत शिकवलं त्याने. आय विल स्टँड ऑन द लोअर साइड." मी म्हणालो, "बघतो." तिने तुझ्यासारखंच एक भुवई वर करून माझ्याकडे पाहिलं. बघतो म्हणजे नाही, हे तिला तूच शिकवलेलं दिसतंय.

वहिनींनी एक छोटी डबी हातात दिली. "ते गेले तेव्हा व्हाइसच्या चिमट्यात एक माशी अर्धी बांधलेली राहिली होती. मी पुरी केली. वीस वर्षं बघतेय, शेवटची गाठ मला येते." आत नाकतोडा होता. मोरपिसाचं अंग, पोटाला जरीची चमक. गाठ जरा जाड झाली आहे, पण सुटणार नाही. मला आबाकाकांची गाठ आठवली, आणि मी डबी खिशात ठेवली.

हे रविवारचं. सोमवारी बार्बराबाईंचा निरोप आला, आणि तेव्हापासून मी टोमॅटोला नको इतकं पाणी घालतोय. तुला माहीत होतं हे कळलं म्हणून भीती जात नाही, हेही तुला सांगायला हवं. 

इथपर्यंत लिहिलं, उठलो आणि फोन केला.

बाईंनी लगेच उचलला. मी नाव सांगितलं, मग तुझं सांगितलं, तू गेल्याचंही सांगितलं.   मग त्या म्हणाल्या, "तो ओढ्याच्या खोलीवाला?"

मी म्हटलं, म्हणजे?

तर म्हणे, बुकिंगच्या कितीतरी आधी, मागच्या सप्टेंबरात, तुझे तीन फोन झाले होते. ओढा किती खोल आहे? त्यांनी सांगितलं, उथळ आहे, काळजी नको. तुझं समाधान होईना. तिसऱ्या फोनवर तू म्हणालास, फार तसदी देतोय, पण तुम्ही स्वतः उतरून बघाल का? सत्तरी ओलांडलेली बाई ती. तिने बूट चढवले आणि फोन कानाला लावून ओढ्यात उतरली. तू लाइनवर थांबलास. "कुठपर्यंत आलं?" तिने सांगितलं, गुडघ्याच्या थोडं खाली. तू विचारलंस, "माफ करा, पण तुमची उंची किती?" पाच फूट एक इंच. तू म्हणालास, "मग चालेल. तो तुमच्यापेक्षा चार बोटं उंच आहे."

बाई हसत होत्या आणि नाक पुसत होत्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं केबिन देतेय. लोक विचारतात वायफाय आहे का. मित्राचे गुडघे कुठे येतील हे विचारणारा एकच." मी इकडे स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभा होतो. नीताने गॅस बंद केला आणि येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मग, कॅन्सल करू?" बाईंनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. "येतोय. मी आणि त्याची मुलगी. दोन्ही खाटा राहू देत."

ठेवता ठेवता एक विचारून घेतलं. म्हटलं, आमच्यात त्या पंधरवड्यात गेलेल्यांसाठी पान वाढून बाहेर ठेवतात, पक्ष्यांनी खावं म्हणून. केबिनच्या पायरीवर ठेवलं तर चालेल का? बाई एकदम कडक झाल्या. अन्नाचा कणही बाहेर ठेवायचा नाही. अस्वलं येतात. तुझ्या तक्त्यात हे होतंच म्हणा.

गुरुजींनाही फोन केला, विचारावं म्हणून. ते म्हणाले, पहिल्या वर्षी महालयात नाव घेत नाहीत, माणूस अजून वाटेत असतो, वर्षभर चालत असतो, पुढच्या वर्षीपासून येईल. मी "बरं" म्हटलं. वाद घातला नाही. पण तू पंचांग कधी मानलंस? आणि वाटेतच आहेस, तर वाट जरा वाकडी कर.

माझ्या वडिलांचं पान नीता इथे ठेवणार आहे, नेहमीसारखं डेकवर. ते ब्लू जे पक्षी आणि खारी खातील. तू मात्र सवयीने ट्रॉयला जाऊ नकोस, तिथे मी नसेन. पायरीवर पानही शोधू नकोस. सरळ ओढ्यावर ये. खाली इरा उभी असेल, हाताच्या अंतरावर. माझ्या एका हातात काठी असेल, दुसऱ्या हाताने मी वहिनींचा नाकतोडा पाण्यावर टाकत असेन, बहुतेक वाईटच. पाय लटपटले तर लटपटू देत, तुझ्यापासून आता काय लपवायचं.

तू म्हणाला होतास ना, पाण्यात उभा राहा, मग सांगतो. राहतोय उभा. ये, आणि सांग.